भाजीसाठी विणलेली पिशवी



क्रोशाची सुई आपल्या घरांना नवी नाही. रुखवतात मांडलेलं तोरण, टेबलावरचा गोल रुमाल, टीव्हीवरचं आच्छादन, बाळाचं टोपडं, हे सगळं याच सुईनं विणलं गेलं. मंडईत न्यायची पिशवी मात्र तिच्या वाट्याला फारशी आली नाही. पिशवी म्हणजे जुन्या पँटच्या कापडाची, नाहीतर मांजरपाटाची. मधल्या काळात रंगीत वायरच्या पिशव्या घरोघरी विणल्या गेल्या. त्या इतक्या चिवट की काही घरांत अजूनही माळ्यावर सापडतील. पुढे भाजीवालाच पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भाजी घालून द्यायला लागला आणि घरून पिशवी न्यायची सवयच मोडली.

आज मी बोलणार आहे ती जाड सुती दोऱ्यानं क्रोशावर विणलेल्या भाजीच्या पिशवीबद्दल. ती विणावी असं मला मनापासून वाटतं. पण त्याहून जास्त वाटतं ते हे, की ती टिकाऊ विणावी आणि रोज वापरावी. सुती पिशवीचा सगळा उपयोग तिच्या टिकण्यात आहे.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी काय केलं हे मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी तुंबण्यामागे कारणं अनेक होती, पण गटारं आणि नाल्यांमध्ये अडकलेल्या पिशव्या हे त्यातलं एक होतं. त्यानंतर राज्यानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. २३ मार्च २०१८ ला व्यापक बंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये. देशभरात तर ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. कायदे झाले. तरीही मंडईत पातळ पिशवी अजून मिळते, आणि कोथिंबिरीची जुडी विकत घेताना आपणच हात पुढे करतो, हेही खरं आहे.

बंदीनंतर दुकानात एक वेगळीच पिशवी आली. रंगीत, कापडासारखी दिसणारी, हलकी, दोन बंदांची. पुष्कळ जण तिला कापडी पिशवी म्हणतात. ती कापडाची नाही. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. तंतू विणण्याऐवजी उष्णतेनं एकमेकांना चिकटवून ती करतात. ओळखायची असेल तर उजेडासमोर धरा. कापडात ताणा आणि बाणा, आडवे-उभे धागे दिसतात. या पिशवीत धागा दिसतच नाही, बारीक ठिपक्यांचा ठसा दिसतो. काही महिन्यांत तिचे तुकडे व्हायला लागतात आणि ते बारीक तुकडे गोळा करणं पिशवी गोळा करण्यापेक्षा कितीतरी अवघड.

आता सुती पिशवीकडे येऊ. इथे मला एक न रुचणारी गोष्ट सांगायची आहे. कापूस पिकवायला, सूत काढायला, रंगवायला पाणी लागतं, वीज लागते, फवारणी होते. एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीनं सुमारे १०,००० लिटर पाणी धरतात. आपल्या विदर्भातला बराचसा कापूस कोरडवाहू आहे, तिथे हे पाणी बहुतांशी पावसाचं असतं. तरीही हिशेब सुटत नाही. दीडशे ग्रॅम सुताच्या पिशवीमागे दीडेक हजार लिटर पाणी उभं आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं निघालं, की दुकानातल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला यायचं तर सुती पिशवी केवळ हवामानबदलाच्या निकषावर किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. रोज एकदा वापरली तर हे साडेएकोणीस वर्षं झाले. त्या अभ्यासात उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा हिशेब धरलेला नव्हता. डेन्मार्कमध्ये घरचा कचरा मोठ्या प्रमाणावर जाळून त्यातून ऊर्जा काढतात. आपल्याकडे तीच पिशवी नाल्यात जाते, उकिरड्यावर जाते, गाईच्या पोटात जाते. म्हणून ७,१०० हा आकडा मी आपल्या मंडईला जसाच्या तसा लावणार नाही. पण त्यानं दिलेला इशारा मी पूर्ण गांभीर्यानं घेते. हळदीकुंकवाच्या वाणात आलेली, लग्नात मिळालेली, दुकानानं नाव छापून दिलेली, अशा दहा सुती पिशव्या कपाटात पडून असतील, तर त्या दहांपैकी नऊंनी पर्यावरणाचं काहीच भलं केलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की एका माणसाला दोन पिशव्या पुरेत. एक वापरात, एक धुण्यात. आणि त्या अशा विणाव्यात की दहा-पंधरा वर्षं चालतील.

दोरा घेताना तो खरोखर सुती आहे ना हे बघा. अ‍ॅक्रिलिकचे किंवा मिश्र धाग्याचे गुंडे हातात घेतल्यावर हुबेहूब सुती वाटतात. बोटभर तुकडा चिमट्यात धरून जपून पेटवा. सूत कागदासारखं जळतं, त्याचा वास कागदाचा येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. सुताचा आणखी एक गुण भाजीच्या पिशवीला फार सोयीचा आहे. लोकर ओली झाली की कमजोर होते, सूत ओलं झालं की उलट अधिक मजबूत होतं. पावसाळ्यात भिजलेली, पालेभाजीचं पाणी प्यायलेली पिशवी तुटत नाही ती यामुळे.

तोरणाला वापरतात तो वीस किंवा चाळीस नंबरचा दोरा इथे उपयोगाचा नाही. नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. घरात असे गुंडे उरलेले असतील तर चार-पाच पदर एकत्र घ्या. नवा घ्यायचा तर तीन-साडेतीन मिलिमीटरच्या सुईवर बसेल असा जाड, पिळदार दोरा घ्या. शंभर ते दीडशे ग्रॅममध्ये मध्यम पिशवी होते.

दोन सुयांवर पिशवी विणता येते, पण मी क्रोशाच सुचवीन. दोन सुयांच्या विणीत एक धागा तुटला की टाके खालपर्यंत ओळीनं सुटत जातात. क्रोशात प्रत्येक टाका पुरा करूनच पुढचा घेतलेला असतो, त्यामुळे भोक पडलं तरी ते लगेच पसरत नाही.

तळापासून सुरुवात करा. सहा साखळ्यांचं कडं, त्यात बारा खांब. पुढच्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे चोवीस. मग छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ, बहात्तर. दर फेरीला बारा वाढवले की तळ सपाट बसतो. कमी वाढवले तर वाटीसारखा वळतो, जास्त झाले तर कडेला झालर पडते. तळ घट्टच हवा, सगळा भार तिथे असतो आणि ओट्यावर, रिक्षात, बसच्या फळीवर घासतो तोही तळच. बहात्तर खांबांवरून जाळी सुरू करा. पाच साखळ्या, तिसऱ्या खांबात मुका खांब, पुन्हा पाच साखळ्या. चोवीस कमानी होतात. पुढच्या फेरीपासून प्रत्येक कमानीच्या मधोमध मुका खांब घ्यायचा. कोपरापासून मनगटापर्यंत उंची झाली की थांबा. जास्त लांब विणायचा मोह होतो, तो आवरा. रिकामी पिशवी आखूड वाटली तरी तीन किलो कांदे-बटाटे पडले की ती चांगली हातभर खाली येते आणि चालताना पोटरीवर आपटायला लागते.

वरची कड मुक्या खांबांची करा. प्रत्येक कमानीत तीन, म्हणजे पुन्हा बहात्तर. अशा तीन-चार फेऱ्या. आता बंद. बहुतेक पिशव्या इथे मार खातात. वेगळा विणलेला पट्टा शिवून लावला की पहिला शिवणीवर सुटतो. त्यापेक्षा कडेच्याच फेरीत अठरा मुके खांब विणा, साठेक साखळ्या घाला, कडेचे अठरा टाके सोडून पुढे जोडा. परत अठरा मुके खांब, परत साठ साखळ्या. पुढच्या फेरीत साखळ्यांवरूनही मुके खांब विणत जा आणि चार-पाच फेऱ्या पूर्ण करा. बंद आणि पिशवी एकजीव होतात, शिवण कुठेच नाही. शेवटच्या फेरीला स्लिप स्टिचची एक ओळ दिलीत तर बंद ताणून बारीक होत नाही आणि तळहातात रुतत नाही.

जाळीच्या पिशवीत काय घालावं हेही ठरवून ठेवा. कांदे, बटाटे, कोबी, दुधी, संत्री यांना ती उत्तम. वारा लागत असल्यामुळे भाजी घामेजून चिकट होत नाही. मेथी, शेपू, मुळा यांच्या जुड्या उभ्या ठेवता येतात आणि मुळांची माती जाळीतून बाहेर पडते, ती घरी येत नाही. हिरव्या मिरच्या, लसूण, मटार, लिंबं यांच्यासाठी आत एक छोटी मांजरपाटाची थैली हवी. डाळ-तांदळाला ही पिशवी नाही, तिथे शिवलेलीच बरी.

अशी पिशवी विकून पोट भरेल का, असं बायका विचारतात. मला नाही वाटत. २०१८ नंतर कितीतरी बचत गटांनी कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. शिलाई मशिनवर तासाभरात बऱ्याच निघतात. विणलेल्या एका पिशवीला दोन-तीन संध्याकाळी जातात, त्या श्रमाचं खरं मोल मंडईतलं गिऱ्हाईक देणार नाही. ती घरासाठी विणावी, लेकीसाठी, सुनेसाठी, शेजारणीसाठी विणावी. स्वतःच्या माणसानं संध्याकाळ घालवून विणलेली पिशवी सहसा कोणी बसमध्ये विसरत नाही, हा माझा अनुभव आहे.

धुताना साबणाच्या पाण्यात हातानं धुवा आणि आडवी पसरून वाळवा. ओली टांगली तर लांबते. पावसाळ्यात ओलसर घडी करून ठेवू नका, सुतावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. विणून झाल्यावर उरलेला चार-पाच वाव दोरा जपून ठेवा. कमान तुटली तर तुटकी टोकं मोकळी करा, नवा दोरा शेजारच्या दोन टाक्यांतून ओवून तेवढ्याच पाच साखळ्या घाला आणि टोकं तळाच्या दिशेनं सुईनं आत फिरवून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

बंद अगदीच विरले तर पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवा, कांदे-लसूण त्यात छान राहतात. तिथूनही निवृत्त झाली की तुकडे करून कुंडीतल्या किंवा सोसायटीच्या खतात घाला, सूत मातीत मिसळून जातं. दुरुस्तीला कधी नायलॉनचा धागा वापरला असेल, तर तेवढा आधी उसवून काढा.