तीन वर्षांचा कागद



तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर बजावलंय, 'हॉकीतल्या करिअरवर दहाच मिनिटं बोला.' बोलतो. पण या पटांगणात पाऊल ठेवलं आणि आमचे पीटीचे सर आठवले. बसचं तिकीट वाचावं म्हणून ते आम्हाला मच्छीमार नगरातून चर्चगेटच्या हॉकी मैदानापर्यंत चालवत न्यायचे. मी गोलकीपर. माझे पॅड घरी सुकत घातलेल्या बोंबलांखालीच पडलेले असायचे. समोरचा फॉरवर्ड 'डी'त शिरला की नाक मुरडायचा. सर बाहेरून ओरडायचे, "अर्धं काम वासानं केलंय, उरलेलं तू कर!"

असो. करिअर म्हणजे आधी करार.

चांगल्या पोरापुढे आज दोन कागद येतात. एक ऑफिसच्या संघाचा: स्टायपेंड कमी, मुदत दोन-तीन वर्षं, पुढे नोकरीत कायम होण्याची आशा. दुसरा एकाच मोसमाचा, पैसा मोठा. 2024 च्या हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीत सिंगला 78 लाख मिळाले, ते तुम्हाला पाठ आहे. पण हीच लीग 2017 चा मोसम संपल्यावर सात वर्षं बंद पडली होती, ते कोण सांगतं? मुंबईचा संघ आधी मॅजिशियन्स होता, मग दबंग. लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत मुंबईच नाही!

म्हणून सांगतो, एकविशीच्या आत लांबचा कागद घ्या. गुडघ्याचा लिगामेंट फाटला, ऑपरेशन झालं, तर मैदानावर परतायला नऊ-दहा महिने सहज जातात. वर्षाचा करार तेवढ्यात आटोपतो. नाखवा, तुम्ही खलाशाला उचल देता ती अख्ख्या मोसमाची ना? एका फेरीच्या बोलीवर कोण होडीत चढेल? धनराज पिल्ले खडकीहून मुंबईला आला, महिंद्राच्या संघात गेला, आणि ऑफिसच्या संघांतून खेळतच चार ऑलिंपिक खेळला. लांबचा घ्या, पोरांनो!

लांबच्या करारात स्टायपेंड गोठतो, हे खरं. म्हणून दर वर्षाची वाढ आणि दुखापतीतही पैसे चालू राहतील हे आधी लिहून घ्या. साहेब तोंडी 'बघू' म्हणाले, तर सही करू नका.

पहिल्या रांगेतल्या काकू, 'कायम' शब्द ऐकून तुम्ही एवढ्या खूश झालात, पण म्हणून पोरीची बारावी सोडवायची नाही हं. आणि लांबचाच घ्या! पुन्हा सांगतो, कारण मागची बाकं आता कोळीनृत्याच्या तयारीला उठलीत.

विश्वस्त साहेब, तुम्ही हसताय, तेव्हा विचारूनच टाकतो. मुलींच्या संघाला गोलकीपरचं किट कधी मिळणार? मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं मला हेच विचारलं, आणि मी तिला सांगून बसलोय की आज माईकवरूनच विचारतो.