ज्यांच्यावरून वाद, त्यांनाच मत नाही



स्वागताध्यक्षानं मांडवाचं आणि जेवणाचं बघावं, विद्वत्तेच्या वाटेला जाऊ नये, असा संकेत आहे. जेवणाची सोय झाली आहे, तेव्हा थोडं बोलून घेतो.

युरोपीय संघ आणि देशांतर्गत राजकारण हा विषय गोव्यातल्या बार्देशाला परका नाही. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय आर्थिक समुदायात गेला. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. त्या पासपोर्टवर इथली कित्येक मुलं इंग्लंडात स्विंडनला कामाला गेली.

२३ जून २०१६ रोजी संघात राहायचं की नाही यावर ब्रिटननं सार्वमत घेतलं. तिथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत होतं. पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोंयकाराला नव्हतं. प्रचाराचा धुरळा मात्र त्याच्यासारख्यांच्या येण्यावरूनच उडाला होता. स्विंडननं बाहेर पडण्याच्या बाजूनं कौल दिला.

१९७५च्या सार्वमतात दोन तृतीयांश मतं राहण्याच्या बाजूनं पडली होती. तेव्हा फूट होती मजूर पक्षात. १९८३च्या जाहीरनाम्यात त्यांनी बाहेर पडण्याचंच वचन दिलं. मास्ट्रिख्ट कराराच्या वेळी भांडण हुजूर पक्षात पेटलं. पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. लंडनच्या संसदेत छोट्या पक्षाला शिरकाव मिळणं महाकठीण. युरोपीय संसदेसाठी मात्र १९९९पासून ब्रिटनमध्ये मतांच्या प्रमाणात जागा मिळू लागल्या आणि त्याच वर्षी नायजेल फराज तिथे निवडून गेले. म्हणजे संघाच्या विरोधकांना व्यासपीठ दिलं ते संघाच्याच संसदेनं! २०१४च्या युरोपीय निवडणुकीत त्यांचा पक्ष ब्रिटनमध्ये पहिला आला. पुढच्या वर्षी देशाच्या निवडणुकीत साडेबारा टक्क्यांवर मतं मिळवूनही जागा एकच. पण या पक्षाच्या धास्तीनं आणि स्वपक्षीयांच्या दबावानं हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन २०१३मध्येच सार्वमताचा शब्द देऊन बसले होते.

लोकमत आधी बदललं की पक्षांनी ते बदलवलं, यावर आपल्यात दोन तट पडतील. माझ्यासारख्या दुकानदाराला वाटतं, ब्रिटिश मतदाराच्या चिंतांच्या यादीत युरोप बरीच वर्षं तळाशीच होता. पक्षांच्या भांडणांनी त्याला वर आणलं.

मागच्या रांगेत स्विंडनहून सुट्टीवर आलेले काही जण बसले आहेत. दुपारच्या परिसंवादात त्यांनाही बोलतं करा. अध्यक्षांनी आता कामकाज सुरू करावं.