दावणीला जनावर नसेल तर खत कोणते?



आपल्यापैकी अनेकांची गावाकडे दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. काहींची गायरानातली, मुरमाड. दावणीला मात्र जनावर नाही. अशा माणसाला ‘शेणखत घाला’ एवढे सांगून भागत नाही. म्हणून खतांची तुलना करताना आम्ही आधी विचारतो, ते मिळणार कोठून?

शेणखतात नत्र शेकडा सुमारे अर्धा, म्हणजे टनात पाच किलो. युरियाच्या 45 किलोंच्या गोणीत ते वीस किलो असते. निंबोळी पेंडीत शेकडा पाच. म्हणजे एक क्विंटल पेंड टनभर शेणखताच्या बरोबरीची. विद्यार्थी हिशेब येथेच थांबवतात आणि पेंडीला पहिला नंबर देतात. पण टनभर शेणखताबरोबर जितका सेंद्रिय पदार्थ जमिनीत जातो, तितका क्विंटलभर पेंडीत कोठून येणार? मुरमाड रानात ओल धरतो तो हाच. कोंबडीखतही नत्राने जोरदार, पण ताजे टाकले तर रोपे करपतात.

आम्ही स्वतः एकदा फसलो. ज्वारीच्या पेऱ्याआधी घाईने अर्धवट कुजलेला उकिरडा पसरला. आत धसकटे तशीच होती. पीक वीतभर झाले आणि पिवळे पडले. धसकटे कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र आधी स्वतःच घेतात, पिकाला उरत नाही. हुमणी लागली ती वेगळीच. शेजारी म्हणाले, “खत घालून पीक घालवलं.” खरेच होते ते.

थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी घालून दिली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ हा शब्द आला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी भोके. सुमारे शंभर किलो शेण, चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, माती आणि पाणी. तीन-चार महिन्यांत खत होते. शंभर किलो शेण शेजाऱ्याकडून मागूनही आणता येते. पण सातबारा नावावर नसलेल्या गायरानात विटांचे टाके कोण बांधील? तेथे बांबू-तुराट्यांचा कूड करावा. उन्हाळ्यात पाणी नसेल, तर गांडूळखताच्या नादी लागू नये. तागही चांगला, पण 45-50 दिवस रान अडवतो आणि गाडल्यावर कुजायला ओल मागतो.

राहिला गिरिपुष्प. आमचा कल याच्याकडे आहे. पावसाच्या तोंडाला जून लाकडाचे फाटे बांधावर खोवले की फुटतात. जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून राखण नको. पाला कोवळा, लवकर कुजणारा. रब्बी ज्वारीच्या पेरणीआधी काही आठवडे छाटून मातीत मिसळावा. पहिल्या वर्षी पाला हाती लागत नाही, तेवढा धीर हवा.

आमच्या बांधावरची झाडे मृगाआधी छाटायची आहेत. ज्यांना फाटे हवेत त्यांनी सभेनंतर नाव लिहून द्यावे.