मुलांविना जहाज : प्रवासी मिळतील, पण कोणत्या भावाने?



फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीतील जेनोआच्या गोदीतून ‘स्कार्लेट लेडी’ नावाचे नवेकोरे प्रवासी जहाज त्याच्या मालकांच्या स्वाधीन झाले. टनभार सुमारे १,१०,०००, प्रवासी २,७७० आणि त्यांच्या सेवेला १,१६० कर्मचारी. अवघ्या काही आठवड्यांत अमेरिकेतील मायामी बंदरातून त्याची पहिली सफर निघायची होती. तिकिटे विकली गेली होती, मुदपाकखाने सज्ज होते, रंगमंचावरचे कलावंत तालमी करीत होते. आणि मार्च उजाडताच जगातील बंदरे एकामागून एक बंद झाली. ज्या जहाजाला प्रवासी मिळतील की नाही, अशी शंका या धंद्यातले जाणते लोक तीन वर्षे बोलून दाखवीत होते, त्याला पहिली दीड वर्षे एकही भाडे भरणारा प्रवासी मिळाला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये इंग्लंडच्या पोर्टस्मथ बंदरातून काही छोट्या सफरी झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये जहाज अखेर मायामीहून निघाले.

महामारीचा घाला हा दैवाचा भाग झाला. मूळची शंका मात्र दैवाची नव्हती, ती हिशेबाची होती. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच हिशेब आहे.

ही कंपनी म्हणजे ‘व्हर्जिन व्हॉयेजेस’. ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांपासून विमानांपर्यंत नाना उद्योग करून पाहिलेले ब्रिटिश उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘बेन कॅपिटल’ या अमेरिकन गुंतवणूक संस्थेच्या साहाय्याने तिची घोषणा केली. आधी तीन आणि पुढे चौथे अशी चार जहाजे ‘फिनकांतिएरी’ या इटालियन कारखान्याकडे नोंदविण्यात आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की, या जहाजांवर अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश मिळणार नाही. गंमत अशी की, त्या वेळी कंपनीची धुरा वाहणारे टॉम मॅकाल्पिन हे पूर्वी डिस्नेच्या सागरसफरींचे अध्यक्ष होते. ज्या माणसाने मिकी माऊसच्या सोबतीने मुलांना समुद्रावर नेले, त्याच माणसाने आता मुलांना धक्क्यावरच थांबवायचे ठरविले.

‘केवळ प्रौढांसाठी’ हे शब्द ऐकताच ऐकणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ उभा राहतो, आणि तो राहू नये म्हणून कंपनीने फारशी काळजी घेतली असेही नाही. जहाजाचे नाव ‘लाल बाई’, आत गोंदवून घेण्याचे दुकान, रात्रभर चालणारा नाचघर-क्लब, आणि प्रवाशांना ‘सेलर’ म्हणजे खलाशी म्हणण्याची चाल! सभ्य मध्यमवयीन जोडप्याने कपाळाला आठी घालावी, असा हा सगळा थाट. ती आठी ज्याची त्याने घालावी. जमाखर्चाच्या वहीत आठीला रकाना नसतो.

वस्तुतः मुलांना मज्जाव ही काही ब्रॅन्सन यांची नवी युक्ती नव्हे. ब्रिटनच्या ‘पी अँड ओ’ कंपनीचे ‘आर्केडिया’ हे जहाज २००५ पासून प्रौढांसाठीच आहे, ‘ऑरोरा’ २०१९ मध्ये तसे झाले. ‘सागा’ ही ब्रिटिश कंपनी तर पन्नाशी ओलांडलेल्यांनाच बोलावते, आणि ‘वायकिंग’च्या जहाजांवरही अठराखालील प्रवासी घेत नाहीत. परंतु ही सारी शांत जहाजे. ग्रंथालय, इतिहासावरची व्याख्याने, दुपारचा चहा आणि रात्री लवकर झोप. तेथे मुले नसणे हा निवृत्तीच्या शांततेचा भाग आहे. व्हर्जिनने दोन गोष्टींची सांगड घातली : मुलेही नाहीत आणि वृद्धांची शिष्टाचारी शिस्तही नाही. सूटबूट घालून जेवायला जाण्याची ठरलेली रात्र नाही. ठरावीक मेज आणि ठरावीक वेळ नाही. सागरसफरीचे जणू कुलदैवतच असलेला, रांगेत उभे राहून ताट भरून घ्यायचा बुफे नाही. त्याऐवजी वीसेक निरनिराळी खाद्यगृहे, ज्यांचे पैसे भाड्यातच आले. आरंभी सेवकांची बक्षिशीही भाड्यातच धरलेली होती.

आता हिशेबाकडे वळू.

जहाजाची खोली ही भाजीसारखी नाशवंत वस्तू आहे. रविवारी धक्का सोडताना जी खोली रिकामी राहिली, ती सोमवारी विकता येत नाही. इंधन तेवढेच जळते, कप्तानाचा पगार तेवढाच, कर्जाचे व्याज तेवढेच. म्हणून या व्यवसायात जहाज भरून नेणे हा पहिला धर्म. भरणीचे मोजमाप दर खोलीत दोन माणसे असे धरून करतात. दोन-दोन माणसांनी सर्व खोल्या भरल्या की शंभर टक्के. पण मोठ्या कंपन्यांचे आकडे पाहिले तर ते शंभराच्या वर, एकशे पाच किंवा त्याहूनही पुढे जातात. हे कसे? तर आईवडिलांच्या खोलीत भिंतीतून उघडणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावर मुले झोपतात. त्या मुलांचे भाडे कमी असले तरी ते जवळजवळ निव्वळ नफ्यात जमा होते, कारण खोली तर आधीच विकली गेलेली असते. व्हर्जिनने अठरा वर्षांची रेघ ओढली त्या क्षणी हा वरचा नफा सोडून दिला.

त्याहून मोठा त्याग दिनदर्शिकेचा. अमेरिकेत जून ते ऑगस्ट आणि नाताळचे दिवस हे शाळांच्या सुट्टीचे. त्याच वेळी कुटुंबे घराबाहेर पडतात, आणि म्हणूनच भाडी चढतात. आजी-आजोबा, मुले, नातवंडे अशी तीन पिढ्यांची मंडळी एकाच वेळी चार-पाच खोल्या घेते, तीही सुट्टीतच. व्हर्जिनच्या दाराशी येऊन ही मंडळी परत जाते. उलट सप्टेंबरात शाळा उघडल्या की इतर जहाजे ओस पडू लागतात. त्या वेळी रजा काढू शकणारी, मुलांच्या पाशातून मोकळी झालेली किंवा मुळात त्या पाशात न पडलेली जोडपी व्हर्जिनला हवी असतात. याचा अर्थ जाहिरातीतला तरुण चेहरा काहीही सांगो, खऱ्या ग्राहकाचे वय चाळिशी-पन्नाशीच्या आसपासच सापडण्याचा संभव अधिक. पंचविशीतल्या तरुणाकडे हौस असते, पैसा नसतो.

मग प्रवासी आहेत तरी किती? क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९७ लक्ष लोकांनी सागरसफर केली. महामारीनंतर २०२३ मध्ये हा आकडा ३ कोटी १७ लक्ष आणि २०२४ मध्ये सुमारे ३ कोटी ४६ लक्ष झाला. व्हर्जिनच्या चार जहाजांवर मिळून अकरा हजार शय्या. सरासरी एक सफर आठवड्याची धरली तर वर्षाला पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे लागतील. जगातील शंभर सागरप्रवाशांपैकी दोघांहूनही कमी! शंभरात दोन माणसे मुलांच्या गलक्यापासून दूर आठवडाभर राहू इच्छितात, यावर विश्वास ठेवायला फार मोठी श्रद्धा लागत नाही. तेव्हा प्रवासी मिळतील का, हा प्रश्न अर्धाच आहे. ते वर्षभर, आणि कर्ज फिटेल अशा भावाने मिळतील का, हा पूर्ण प्रश्न. अखेरच्या आठवड्यात निम्म्या किमतीत खोल्या विकून जहाज भरता येते. तसे भरलेले जहाज दिसते छान, पण मालकाला बुडवते.

या धंद्यात चाकोरी मोडून उभे राहिलेले आणि चाकोरी मोडून बुडालेले, दोन्ही सापडतात. टेड ॲरिसन यांच्या ‘कार्निव्हल’ची कहाणी मायामीतच घडली. १९७२ मध्ये त्यांचे ‘मार्डी ग्रा’ हे जुने जहाज पहिल्याच सफरीत बंदराबाहेर वाळूत रुतले. दोन वर्षांनी ॲरिसन यांनी भागीदाराकडून सारी कंपनी एका डॉलरला, पण लाखो डॉलरच्या कर्जासह, घेतली. तेव्हा सागरसफर म्हणजे श्रीमंत वृद्धांचा गंभीर सोहळा समजला जाई. ॲरिसन यांनी तिला मध्यमवर्गाची मौजेची सहल केले; आज तीच जगातील सर्वांत मोठी क्रूझ कंपनी आहे. दुसरे उदाहरण स्टेलिओस हाजी-इओआनू यांचे. स्वस्त विमानांचा ‘ईझीजेट’ काढणाऱ्या या गृहस्थांनी २००५ मध्ये भडक नारिंगी रंगाचे एक लहान जहाज भूमध्य समुद्रात सोडले. भाडे अगदी थोडे, पण जेवण वेगळे, खोली झाडण्याचे पैसे वेगळे, बहुतेक खोल्यांना खिडकी नाही. तरुण रात्री बंदरात उतरून मजा करतील, अशी कल्पना होती. २००९ मध्ये तो व्यवसाय विकावा लागला.

स्टेलिओस यांनी जहाजातून वस्तू काढल्या आणि भाडे उतरविले. व्हर्जिनने मुले काढली, गर्दीचा बुफे काढला, वरखर्च काढले, आणि भाडे मात्र चढे ठेवले. ग्राहक कशाची उणीव सोसतो आणि कशाच्या अभावासाठी उलट जास्त पैसे मोजतो, यातला भेद व्हर्जिनला अचूक कळलेला दिसतो. गोंदण आणि नाचघर यांनी वृत्तपत्रांत रकाने भरले. परंतु चांगले अन्न, शांत पोहण्याचा तलाव आणि पदोपदी बिल न मागणारे सेवक यांनी खोल्या भरल्या, असेच मानावे लागेल. मद्याचे पैसे वेगळे घेतले जातात हेही विसरता कामा नये. मुलांच्या तिसऱ्या-चौथ्या बिछान्याचे भाडे गेले, त्याची भरपाई कोठून होते हे यावरून समजते.

तथापि कंपनीची वाट सोपी झाली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ५५ कोटी डॉलरचे नवे भांडवल उभे करावे लागले. तिसरे जहाज ‘रेझिलियंट लेडी’ २०२२ ऐवजी मे २०२३ मध्ये प्रवासाला निघाले. ते त्या वर्षाअखेरीस ऑस्ट्रेलियात गेले. पण तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे तेथे जाण्या-येण्याचा मार्गच धोक्याचा झाला आणि २०२४-२५ चा ऑस्ट्रेलियाचा हंगाम रद्द करावा लागला. प्रवासी होते, वाट नव्हती! २०२४ मध्ये कंपनीने वर्षभर जहाजावरच राहण्याचा परवाना दोघांना मिळून १,२०,००० डॉलरला विकायला काढला. असा परवाना घेणारे मूठभरच असणार. पण ज्याने वर्षाची खोली घेतली, त्याची जानेवारीतली खोली रिकामी राहण्याची चिंता मिटली, हा त्यातला व्यापारी शहाणपणा लक्षात घ्यावा.

जाता जाता आपल्या किनाऱ्याविषयी. जगभरच्या क्रूझ जहाजांच्या मुदपाकखान्यांत आणि भोजनगृहांत गोव्याचे आणि मुंबईचे तरुण पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करीत आले आहेत. ‘बोटीवर असतो’ हे शब्द गोव्याच्या घराघरांत ओळखीचे. जहाज रिकामे गेले तर त्यांच्या घरी येणारी मनिऑर्डर थांबते, हे २०२० मध्ये अनेक कुटुंबांनी सोसले. मुंबईहून एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेली ‘जलेश’ क्रूझ ऑक्टोबर २०२० मध्ये बंद पडली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ आली. यांपैकी कोणीही मुलांना दार बंद केले नाही. आपल्याकडे सहल म्हणजे आजीसकट सारे घर; तेथे अठराची रेघ ओढणारा मालक पहिल्याच महिन्यात दिवाळे काढील. मायामीचे गणित मायामीतच सुटते.

चौथे जहाज ‘ब्रिलियंट लेडी’ ठरल्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षे उशिरा, सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कहून निघाले. पनामा कालव्यातून जाता यावे अशी त्याची बांधणी करून घेण्यात आली आणि २०२६ च्या उन्हाळ्यासाठी सिएटलहून अलास्काच्या सफरी आखण्यात आल्या. अलास्काचा हंगाम नेमका शाळांच्या सुट्टीचा. त्याच धक्क्यावर शेजारी कुटुंबांनी खच्चून भरलेली जहाजे उभी राहणार. आणि हिमनद्या पाहायला येणारा प्रवासी नाचघरासाठी येत नाही. तो पहाटे उठून, शाल पांघरून कठड्याशी उभा राहतो. अशा प्रवाशाने सुट्टीच्या ऐन गर्दीत मुलांविना जहाजाचे जास्तीचे भाडे मोजले, तर त्या चार जहाजांचे कर्ज फिटण्याचा मार्ग दिसू लागेल.