पाहणे, टिपणे आणि मत बनविणे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दुसऱ्याच्या वर्तनाविषयी मत देण्यास आपल्यापैकी कोणालाच संकोच वाटत नाही. 'अमका आळशी', 'तमकी भांडखोर' असे निवाडे आपण सहज करतो. वर्तन मोजता येते काय, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांनी गांभीर्याने घेतला. त्यांना आढळलेले तीन धोके आपणांसही जाणून घेण्याजोगे आहेत.

पहिला धोका पाहणाऱ्याच्या अपेक्षेचा. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याने मोठे नवल घडविले. गणित घातले की तो खुराचे ठोके देऊन अचूक उत्तर देई. चौकशी समितीलाही त्यात लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी साधी युक्ती योजिली. प्रश्नकर्त्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था त्यांनी केली, आणि घोडा चुकू लागला! ठोके पुरे होताच प्रश्नकर्त्याचे मस्तक नकळत किंचित वर होई. घोडा तेवढेच हेरीत असे. १९०७ मध्ये हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

दुसरा धोका नजरेचा. केनियातील अंबोसेली येथे बबून वानरांचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणपद्धतींची चिकित्सा केली. सुचेल तसे टिपत गेल्यास डोळ्यांत भरणारी भांडणेच वहीत उतरतात; निवांत बसणे निसटते. म्हणून एकच प्राणी निवडून ठरलेल्या मुदतीत त्याचे सारे वर्तन लिहावे. अथवा ठरावीक मिनिटांनी, त्या क्षणी कोण काय करीत आहे, एवढेच टिपावे.

तिसरा धोका एकमताचा. दोन निरीक्षकांनी १०० नोंदींपैकी प्रत्येकी ९० वेळा 'नाही' लिहिले, तर निव्वळ योगायोगानेही सुमारे ८२ ठिकाणी त्यांचे जुळेल! हा योगायोग वजा करून उरलेले खरे एकमत मोजण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये 'कप्पा' हे गुणक मांडले.

हे सारे प्रयोगशाळेपुरते नाही. सरकारी कचेरीत हाताखालच्या माणसाचा वार्षिक अहवाल लिहिताना वर्षातील एक खटका लेखणीच्या टोकावर येतो, रोजची निमूट सेवा येत नाही. आणि त्या शेऱ्यावर एखाद्याची बढती अवलंबून असते.

घरातही तेच. 'आमची मुले मराठी बोलतच नाहीत' ही तक्रार परप्रांतातील मराठी घरांत नित्य ऐकू येते. आठ दिवस संध्याकाळी दर पाव तासाने, त्या क्षणी घरात कोण कोणत्या भाषेत बोलत आहे, एवढे टिपून पाहावे. नोंदवहीत मुलांच्या आधी कदाचित वडीलधाऱ्यांचेच नाव येईल. मग उपाय कोठून सुरू करावा, हे निराळे सांगावे लागणार नाही.

मत बनविण्यापूर्वी पाहावे, आणि पाहिलेले नेमाने टिपावे, एवढीच विनंती.