घर पाहिजे

आमच्या वऱ्हाडात भाडेकरूला किरायदार म्हणतात. अकोल्यात मी किरायदाराचा मुलगा होतो, अमरावतीत घरमालक झालो. ‘आम्हाला घर पाहिजे’ हे वाक्य मी ऐकलंही आहे आणि बोललोही आहे.

१९८१ साली मी शाळेत होतो. अकोल्याच्या जुन्या शहरात दोन खोल्यांत आम्ही सात जण राहायचो. एक दिवस मालक अब्बांना म्हणाले, मुलाचं लग्न आहे, खोल्या लागतील. तेव्हा विदर्भात १९४९चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. मालकाला आधी भाडे नियंत्रकाकडून नोटीस देण्याची परवानगी काढावी लागे, मग दिवाणी कोर्टात दावा. अब्बा शिंपी. तारखेच्या दिवशी मशीन बंद आणि चूल अर्धी. दोन-चार तारखांतच ते थकले आणि खोल्या सोडून मोकळे झाले. मालकाचं लग्न झालेलं पोरगं मात्र मुंबईला राहायला गेलं. वर्षभर शाळेत जाता-येता मी त्या दारावरचं कुलूप पाहिलं. मग वाढीव किरायानं दुसरं बिऱ्हाड आलं.

३१ मार्च २००० पासून राज्यभर १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमानुसार मालकाची गरज रास्त आणि खरी असावी लागते. शिवाय घर खाली केल्यानं किरायदाराला होणारा त्रास मोठा की न केल्यानं मालकाला होणारा, हे कोर्ट तोलून पाहतं. अर्ध्या जागेवर भागत असेल तर तेवढ्याच जागेचा हुकूम देतं. सतराव्या कलमात तर असं आहे की, ताबा मिळाल्यावर महिनाभरात मालक राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला घर दिलं, तर जुना किरायदार तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो. मी साधा बी.ए., पण हे कलम दोनदा वाचलं. ते कोर्टाच्या हुकमानं घर गेलेल्यांसाठी आहे. अब्बांसारखा माणूस, जो हुकमाआधीच चंबूगबाळं उचलतो, तो त्यात बसत नाही.

आता माझी गोष्ट. अब्बांनी पुढं अमरावतीत घर बांधलं. १९९६पासून त्याच्या मागच्या दोन खोल्यांत एक मावशी राहतात, कॉलेजच्या पोरांना डबे देतात. माझ्या मुलाचं लग्न ठरलं आणि मी वकिलांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “वरच्या खोलीत काय आहे?”

“पुस्तकं.”

“मावशींचा वकील कोर्टात हेच विचारेल.”

मी गप्प. घरी येऊन मावशींशी बोललो. त्या म्हणाल्या, “घर तुमचंच हाय भाऊ, मी कुठी नाई म्हनते? पन चूल हलली त डबे गेले.”

शेवटी दावा झाला नाही. मावशींनी एक खोली दिली, चुलीची ठेवली. मी किराया निम्मा केला आणि ते कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. वरची खोली मी रिकामी केली, तिथं सूनबाईचं कपाट लागलं. माझ्या न खपलेल्या कवितासंग्रहाचे गठ्ठे मावशींच्या माळ्यावर गेले.

परवा त्या खालून ओरडल्या, “भाऊ, याचा किराया कोन देईन मले?”