एन.ए.डी.ची सुई

थकवा घालवायला, तारुण्य टिकवायला म्हणून हल्ली एन.ए.डी. या को-एन्झाइमची सलाईन चढवली जाते. हे द्रव्य आपल्या प्रत्येक जिवंत पेशीत असतंच. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन ते ऊर्जानिर्मितीच्या जागी पोचवतं. 1906 साली हार्डेन आणि यंग या शास्त्रज्ञांना यीस्टच्या रसात त्याचा माग लागला. वयाबरोबर काही अवयवांत ते घटतं, हेही खरं. पण शिरेतून दिलेला हा मोठा रेणू बहुतेक पेशींत जसाच्या तसा शिरत नाही, आधी त्याचे तुकडे होतात. सलाईन भराभर सोडली तर मळमळतं, छाती आवळल्यासारखी होते. आणि त्यानं म्हातारपण लांबणीवर पडतं, असा भक्कम पुरावा माणसांत अजून नाही. मग एवढा खर्च कशासाठी?

शरीर हे द्रव्य नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वापासून बनवतं. नायसिन फार कमी पडलं की पेलाग्रा हा आजार होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या गळ्यावर, हातांवर काळपट, खरखरीत चट्टे उठतात. दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर भागवणाऱ्या गरिबांत तो दिसे. हैदराबादला पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी घेतली, तरी नायसिनची चांगली भर पडते. थकवा हटतच नसेल, तर सुई टोचून घेण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.